रुळावरून पलटणीत

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा माझा दीर नववीत होता. सासरे त्याआधीच वारले होते. घरात आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, माझा नवरा आणि हा, एवढीच माणसं. शेत साडेतीन एकर, आणि गाव जऊळक्याच्या स्टेशनापासून चालत पाऊण तासावर. रीतीप्रमाणे मी त्याला भाऊजी म्हणायला हवं होतं, पण गुडघे सोललेल्या चौदा वर्षांच्या पोराला भाऊजी म्हणताना मलाच हसू यायचं. मी बाबू म्हणू लागले. तो मला वयनी म्हणायचा आणि भांडतानाही 'तुमी' सोडायचा नाही.

भांडणं आमची बरीच व्हायची. मी आमच्या वऱ्हाडातल्या मालेगावला ऑनलाइन फॉर्म भरून देण्याच्या एका दुकानात कामाला लागले होते. रोज स्कूटीवरून जायचं, दिवसभर उत्पन्नाचे दाखले, पीकविमा, परीक्षेचे अर्ज भरायचे आणि संध्याकाळी परत. दुकानातून मी जुन्या प्रश्नपत्रिका आणायची आणि त्याच्यापुढं टाकायची. तो त्यांच्या पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर ट्रॅक्टरची चित्रं काढायचा. बारावी झाला, तोही इंग्रजीत दुसऱ्या खेपेला. पुढं शिकायचं नाही म्हणाला. घरातल्या शेतात दोघा भावांना पुरेल एवढं काम नव्हतं. मग एक दिवस तो स्टेशनकडं गेला आणि रुळाच्या कामावर लागूनच परत आला.

काम ठेकेदाराच्या गँगमधलं होतं. रुळाखालची खडी उकरायची, नवी टाकायची, सब्बलीनं, म्हणजे पहारीनं, दाबून बसवायची, रुळांखालचे आडवे स्लीपर बदलायचे. गँगचे मुकादम मालेगावचे एक मुसलमान चाचा होते, तीस वर्षं रुळावर काढलेले. चालताना त्यांची नजर खालीच असायची, बाजारातसुद्धा. बाबू घरी येऊन त्यांची नक्कल करायचा आणि आत्याबाई पदर तोंडाला लावून हसायच्या.

"चाचा काय म्हणते माईत हाय का वयनी?" तो एकदा जेवताना म्हणाला. "म्हणते, बेटा, रूल भी पसरता है गरमी में. माणसासारखा. त्याले जागा नाई भेटली तं वाकडा होते."

मे महिन्यात भर दुपारी चाचांबरोबर रूळ बघत चालायचं काम त्याच्याकडं आलं, तेव्हा तो खूश होता. डोक्याला ओला रुमाल, हातात हातोडी आणि पाण्याची बाटली. बाकीची माणसं सावली शोधायची त्या वेळेला हे दोघं चार-पाच किलोमीटर चालायचे. घरी आला की त्याचे बूट मी दाराबाहेर ठेवायला लावायची, कारण त्यांना तेलाचा आणि तापलेल्या दगडाचा वास यायचा. हाताला घट्टे पडले होते. आत्याबाई त्या हातांना तेल चोळायच्या आणि तो झोपल्याचं सोंग करायचा. त्याला ते काम आवडत होतं, हे मला लिहून ठेवायचंय. नंतर लोक म्हणाले की तो लहानपणापासून सैन्याचीच स्वप्नं बघायचा. तसं काही नव्हतं.

दुसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात गँगमधला त्याच्या बरोबरीचा एक गडी गेला. मानोऱ्याकडच्या तांड्यातला होता; ऊसतोडीला जाण्यापेक्षा हे काम बरं म्हणून आलेला. सकाळची नऊ-साडेनऊची वेळ, स्वच्छ ऊन. गाडीची शिट्टी झाली, सगळे बाजूला झाले. तांड्याचा पोरगाही झाला होता. पण वारा जोराचा होता, दुसऱ्या बाजूनं कुणीतरी हाक मारल्यासारखं त्याला वाटलं असावं, आणि तो मान वळवून दोन पावलं मागं, रुळावर आला. चूक कुणाची, हे शेवटपर्यंत कुणाला सांगता आलं नाही. बाबू त्याच्यापासून दहा हातांवर उभा होता.

त्या दिवशी तो घरी आला आणि न्हाणीत शिरला, तो तासभर बाहेर आला नाही. जेवला नाही. दुसऱ्या दिवशी मात्र डबा मागून कामावर गेला. आठ-दहा दिवसांनी मी भाकरी करत असताना चुलीपाशी येऊन बसला आणि म्हणाला, "त्याचा डबा माह्याच पिशवीत होता, वयनी. दुपारी सोबत खाणार होतो आमी. म्या तो तांड्यावर नेऊन देला. त्याच्या मायनं उघडून पाह्यला."

एवढंच बोलला. त्याच्यानंतर मला रोज सकाळी त्याचा डबा भरताना हात जड व्हायला लागला. गाडीचा आवाज आमच्या गावापर्यंत येतो. पूर्वी तो माझ्या कानावरही पडत नसे. आता भांडी घासताना आवाज आला की मी हात थांबवून तो पार जाईपर्यंत ऐकत राहायची. नवऱ्याला म्हटलं, तर तो म्हणाला, "मंग काय करू दे त्याले? घरी बसवू?"

फेब्रुवारीत आमच्या दुकानात सैन्यभरतीच्या फॉर्मची गर्दी सुरू झाली. चार वर्षांची भरती. रोज पंधरा-वीस पोरं यायची. फोटो ठराविक केबीच्या आत बसवायचा, सही कोऱ्या कागदावर करून स्कॅन करायची, उंची, छाती, शिक्षण, पत्ता. शंभर पोरांचे फॉर्म भरून झाल्यावर एका दुपारी दुकानात कुणी नव्हतं, तेव्हा मी बाबूचा फॉर्म उघडला. त्याची सगळी कागदपत्रं माझ्या मोबाइलमध्ये होतीच. मोबाइल नंबराच्या जागी मी माझा नंबर टाकला, कारण नवऱ्याचा फोन बहुतेक वेळा शेतात बंद पडलेला असायचा आणि बाबूचा कामाच्या वेळी पिशवीत. मग संध्याकाळी त्याला सांगितलं.

तो चिडला. "मले न इचारता?"

"विचारलं असतं तर हो म्हणाला असतास का?"

"नाई."

"म्हणूनच नाही विचारलं."

तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी स्कूटी काढत होते, तेव्हा तो बूट घालून अंगणात उभा. "फाट्यापर्यंत किती व्हते?" म्हणाला. मी सांगितलं, साधारण सोळाशे मीटर, म्हणजे भरतीला पळावं लागतं तेवढंच. "टाइम लावा मंग," म्हणाला आणि पळत सुटला. मी स्कूटीवर त्याच्यामागं. पहिल्या दिवशी त्याला सात मिनिटं लागली आणि फाट्यावर तो पोट धरून खाली बसला. पुढचे तीन महिने आमचं हेच चाललं. तो पुढं पळायचा, मी मागून हॉर्न वाजवायची आणि त्या रस्त्यानं दूध घेऊन जाणारे लोक हसायचे. लग्नानंतरच्या सगळ्या आयुष्यात मी इतकी हसले नव्हते जितकी त्या तीन महिन्यांत हसले. साडेपाच मिनिटांच्या आत तो पहिल्यांदा पोचला तेव्हा त्यानं माझ्याच पिशवीतलं पाणी घेऊन माझ्याच डोक्यावर ओतलं.

लेखी परीक्षेत पास झाला, मैदानात पास झाला, डॉक्टरांनी पास केला. रस्ते आणि पूल बांधणाऱ्या पलटणीत त्याला घेतलं. जायच्या दिवशी चाचा स्टेशनवर आले होते. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "जा बेटा. उधर गाडी नहीं आती पीछे से." आत्याबाईंनी डोळे पुसले. मी मनातल्या मनात त्या वाक्याला हो म्हटलं.

ट्रेनिंग संपवून तो सुट्टीवर आला तेव्हा मान जाड झाली होती आणि केस इतके बारीक कापले होते, की आत्याबाई त्याच्या डोक्यावरून हात फिरवून "सारं डोस्कं टोचते रे बाप्पा" म्हणत राहिल्या. पहाटे चारला उठायचा, अंथरुणाची घडी अशी घालायचा की चारी कोपरे जुळायचे, आणि मग करायला काही नसल्यानं अंगण झाडायचा. डोंगराचे फोटो दाखवायचा. मी विचारलं, भीती वाटते का. म्हणाला, "भीती नाई. पण तिथं सपाट असं कायीच नाई, वयनी. एका बाजूनं डोंगर अन् एका बाजूनं खाई. मान वर करा नाईतं खाली. समोर पाहाले जागाच नाई."

दुसऱ्या सुट्टीत तो नवऱ्याबरोबर शेतात राबला, आत्याबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन करून आणलं आणि मालेगावच्या बाजारातून माझ्यासाठी स्कूटीचं नवं सीट कव्हर आणलं. रंग भडक जांभळा. मी नावं ठेवली, तर म्हणाला, दुरून ओळखू यावं म्हणून घेतलं. त्यानंतर तो आला नाही.

ऑगस्ट महिना होता. दुकानात एक मुलगी शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला बसली होती आणि मी तिला आईचं नाव विचारत होते. अकराच्या सुमाराला फोन आला. अनोळखी नंबर. पलीकडचा माणूस हिंदीत बोलत होता, हळू आणि स्पष्ट. त्यानं बाबूचं पूर्ण नाव घेतलं आणि विचारलं, "आप उनकी कौन लगती हैं?"

"भाभी," मी म्हटलं.

"घर में कोई पुरुष हैं?"

मी म्हटलं, मला सांगा. मग त्यानं सांगितलं. डोंगराची दरड कोसळली. तीन जवान दबले. दोघं वाचले.

मी त्या मुलीचा फॉर्म पूर्ण भरला. आईचं नाव लिहिलं, सबमिट केलं, प्रिंट काढून तिच्या हातात दिली. असं मी का केलं, ते मला आजही सांगता येत नाही. मग स्कूटी काढली. मालेगावपासून गावापर्यंतचा रस्ता मी कसा कापला ते आठवत नाही. एका ठिकाणी मेंढ्यांचा कळप आडवा आला होता आणि मी तो जाईपर्यंत शांतपणे थांबले होते, तेवढं आठवतं.

घरी न जाता मी आधी शेतावर गेले. सोयाबीन मांडीला लागत होतं. नवरा पाठीवर पंप घेऊन फवारत होता. मला धुऱ्यावर, शेताच्या कडेला, बघून त्यानं नळी बंद केली. या वेळेला मी कधी शेतात येत नसे. तो जवळ आला, तोंडावरचा रुमाल खाली ओढला आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "बाबू?"

मी मान हलवली. तो पंप पाठीवर तसाच घेऊन खाली बसला.

आम्ही दोघं मिळून घरी गेलो. आत्याबाई ओसरीत तुरीची डाळ पाखडत होत्या. भर दुपारी आम्हाला दोघांना एकत्र येताना बघितलं आणि त्यांनी सूप बाजूला ठेवलं. कुणाला काही सांगावं लागलं नाही. "कधी?" एवढंच त्यांनी विचारलं. नंतरचा त्यांचा आवाज सगळ्या गल्लीनं ऐकला.

दोन दिवसांनी त्याला आणलं. नागपूरपर्यंत विमानानं, तिथून लष्करी गाडीतून. फाट्यापासून गावापर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी होती. शाळेची पोरं झेंडे घेऊन होती. मालेगावची बाजारपेठ त्या दिवशी बंद होती म्हणतात. मी त्या सोळाशे मीटरच्या रस्त्याकडं बघूच शकले नाही. पेटी अंगणात ठेवली, तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, उघडा. बरोबर आलेल्या अधिकाऱ्यानं हात जोडले. शेवटी नवऱ्याला एकट्याला बघू दिलं. तो बघून परत आला आणि आईजवळ बसून म्हणाला, "झोपल्यावानी हाय, माय." त्याला काय दिसलं, ते मी कधी विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही. त्या वर्षी तो बऱ्याचदा शेतात काम करता करता मध्येच उभा राहायचा.

बंदुकांची सलामी झाली. अग्नी नवऱ्यानं दिला.

पेटीबरोबर त्याच्या तुकडीतला एक जवान आला होता, वयानं बाबूएवढाच, कुठल्यातरी डोंगराळ मुलखातला. त्याला एक दिवस राहायची परवानगी मिळाली होती. संध्याकाळी आत्याबाईंनी त्याला जवळ बोलावलं. त्या वऱ्हाडीत विचारायच्या, मी हिंदीत सांगायची; थोड्या वेळानं माझी गरजच उरली नाही.

"कसं झालं, सांग," त्या म्हणाल्या.

त्यानं सांगितलं. रात्रभराच्या पावसानं रस्त्यावर दरड आली होती. पलीकडं तीन-चार गाड्या अडकल्या होत्या, त्यात बायकापोरं होती. यांनी सकाळपासून माती आणि दगड काढून एका गाडीपुरती वाट केली. सगळ्या गाड्या निघून गेल्या. मग हे लोक रस्त्याच्या कडेला नाश्त्याला बसले. पाऊस थांबला होता. तेवढ्यात वरून पुन्हा आलं. आवाजसुद्धा नीट झाला नाही.

"भागदौड का टाइम नहीं मिला, माताजी," तो म्हणाला.

आत्याबाई म्हणाल्या, "त्यानं खाल्लं होतं का?"

"खाया था. पूरी और आलू. मेरी भी दो पूरी खाई उसने."

त्यांनी मान हलवली, दोन-तीनदा. मग त्या उठल्या आणि शेजारणीनं आणून दिलेल्या पिठलं-भाकरीतून त्याच्यासाठी ताट वाढलं. पेटी घरात आल्यापासून त्यांनी स्वतः पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. तो जेवत होता तोवर त्या त्याच्यासमोर बसून राहिल्या.

तेराव्याच्या आधी गावात श्रद्धांजलीची सभा झाली. बाहेरून पुढारी आले. एकजण म्हणाला की आमच्या पोरानं शत्रूच्या गोळ्या छातीवर झेलल्या. दुसऱ्यानं त्याहून पुढं जाऊन किती शत्रू मारले तेही सांगितलं. लोक टाळ्या वाजवत होते. माझा नवरा चारचौघांत बोलणारा माणूस नाही. ग्रामसभेतसुद्धा मागं उभा राहतो. तो उठला, स्टेजवर गेला आणि माइकसमोर उभा राहिला.

"माहा भाऊ रस्ता साफ करत होता," तो म्हणाला. "लोकं अडकले होते, ते निंगून गेले. मंग हा जेवाले बसला अन् डोंगर पडला. गोळी-बिळी कायी नाई. जे झालं ते सांगा. तेवढ्यानं तो कमी नाई होत."

सभा थोड्या वेळात संपली. काही लोकांना ते आवडलं नाही. फाट्यावर जो बोर्ड लावला आहे त्यावर 'सीमेवर लढताना' असंच लिहिलं आहे.

चाचा सभेला आले नव्हते. ते पुढच्या शुक्रवारी नमाजानंतर घरी आले. एकटे. पायातले बूट दाराबाहेर काढून ओसरीत बसले. आत्याबाई आत पडून होत्या, नवरा शेतात. मी पाणी दिलं. ते ग्लास हातात धरून बसले, प्यायले नाहीत.

"बेटी, एक बात बोलनी थी," ते म्हणाले. "तांड्याचा पोरगा गेला नं, तवापासून मी रोज त्याच्या मागं लागलो होतो. निकल जा, निकल जा इधर से, इस रूल पे कुछ नहीं रखा. भरतीचं मनात नव्हतं त्याच्या. म्याच बोल-बोलके भेजा. अब नींद नहीं आती."

मला वाटत होतं की हे ओझं जगात माझ्या एकटीच्याच छातीवर आहे. मी त्यांना सांगितलं, फॉर्म मी भरला होता, त्याला न विचारता. त्यांनी माझं समाधान करण्याचा प्रयत्न केला नाही, मीही त्यांचं केलं नाही. जाताना ते म्हणाले, "त्याच्या मायले सांगतलं का तू?"

मी नाही म्हटलं.

"सांग. मैं भी आके बोलूंगा. पर पहले तू."

त्यानंतरही मला दोन महिने लागले. सोयाबीन निघालं, दिवाळी आमच्या घरी झालीच नाही. एक दिवस आत्याबाई आणि मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होतो. पिळलेलं लुगडं दोघी दोन टोकांनी धरून झटकत होतो. मी टोक हातात तसंच धरून सगळं सांगितलं. तांड्याच्या पोराचं, डबा भरताना हात जड व्हायचा ते, दुकानातली ती रिकामी दुपार. म्हटलं, मी भरला नसता तर तो आज गँगवर असता.

त्यांनी लुगडं सोडलं नाही. माझ्याकडं बघितलंही नाही. म्हणाल्या, "फारम तुनं भरला. पयत तं तोच होता ना, रोज फाट्यापर्यंत."

मला रडू आलं. त्यांनी लुगडं दोरीवर टाकलं, दोन्ही कडा सारख्या केल्या आणि आत गेल्या. त्या दिवशी त्या माझ्याशी पुन्हा बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. मला वाटलं, ते वाक्य त्यांनी माझ्यासाठी नाही, स्वतःसाठीच म्हटलं असेल. तिसऱ्या दिवशी मी दुकानात निघाले तेव्हा त्यांनी माझा डबा भरून स्कूटीला अडकवला होता. आठ वर्षांत पहिल्यांदा.

चाचा नंतर आले आणि बोलले. आत्याबाईंनी ऐकून घेतलं आणि त्यांना चहा दिला. आता ते महिन्या-दोन महिन्यांनी येतात. निवृत्त झालेत, गुडघे गेलेत. दोघं म्हातारे ओसरीत बसून बाबूबद्दल बोलतात, असं वाटेल कुणाला. पण ते बहुतेक पावसापाण्याचं आणि गुडघ्यांचं बोलतात. एकदा मात्र मी ऐकलं. आत्याबाई विचारत होत्या की मे महिन्यात एवढं ऊन, तर पोरगा बाटलीभर पाण्यावर कसा चालायचा. चाचा म्हणाले, अर्धी बाटली तो वाटेतल्या गेटवाल्याच्या कुत्र्याला पाजायचा, आणि मग चाचांची बाटली मागायचा. आत्याबाईंना हे माहीत नव्हतं. त्यांनी ते पुन्हा सांगायला लावलं.

मी अजून त्याच दुकानात आहे. पोरं येतात, भरतीचे फॉर्म भरून मागतात. सुरुवातीला मी ते दुकानातल्या दुसऱ्या मुलाकडं सरकवायची. आता भरते. फक्त प्रत्येकाला विचारते, घरी सांगितलंय का, आणि तुझ्या मनात आहे का. बहुतेक जण हो म्हणतात, माझ्याकडं जरा विचित्र नजरेनं बघतात. परवा एकजण म्हणाला, "मनात नाई मॅडम, पण दुसरं हाय काय?" मी त्याला बसायला सांगितलं, पाणी दिलं, आणि आम्ही दुसरं काय काय आहे ते शोधायला लागलो. तासभर शोधलं. मग तो म्हणाला, जाऊ द्या, हाच भरा. मोबाइल नंबराच्या रकान्याशी आल्यावर मी त्याला विचारलं, घरात फोन कोण उचलतं. तो म्हणाला, माय.

मी तो नंबर लिहिला.